‘साबर बोंडं’ हा कुटुंबपटच आहे

रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ सनडान्स चित्रपट महोत्सवाला गेलेला पहिला मराठी चित्रपट. जानेवारी २०२५मध्ये तिथल्या जागतिक कथापट विभागात परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं आणि सप्टेंबरात तो आपल्या चित्रपटगृहांत लागला. दोन पुरुषांची प्रेमकथा, अशीच त्याची ओळख सगळ्यांनी करून दिली. कौतुक करणारेही तेच सांगत होते आणि ‘घरच्यांना घेऊन कसा बघायचा’ म्हणणारेही तेच. माझं भांडण दोघांशीही आहे.

सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ला आपण स्मृतिभ्रंशाचा चित्रपट म्हणून बाजूला ठेवत नाही, तो बाप-लेकीचा म्हणून लक्षात राहतो. त्यांच्याच ‘नितळ’मध्ये नायिकेला कोड आहे, पण आपल्याला आठवतं ते घर. मग ‘साबर बोंडं’चा नायक आनंद पुरुषावर प्रेम करतो एवढ्यावरून त्याचं घर दिसेनासं का व्हावं? वडील गेलेत, मायलेक गावी आलेत, दहा दिवस सुतक पाळायचं आहे. चित्रपट उभा आहे तो या दहा दिवसांवर. गावातल्या बाळ्यावरचं त्याचं प्रेम त्या दुःखाच्या पोटात उमलतं. ते वेगळं काढून दाखवलं, तर दोन्हींची धार जाते.

‘फार संथ’ हा दुसरा आक्षेप. सुतकाचं घर ज्यांनी अनुभवलंय त्यांनी तरी तो घेऊ नये. पायात काही घालायचं नाही, चहा कोरा प्यायचा, आणि आलागेला प्रत्येक जण तेच ते विचारणार. ते दिवस सरता सरत नाहीत. विकास उर्स यांचा कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी थांबतो आणि पार्श्वसंगीत नाही. आता रडा, असं सांगायला व्हायोलिन येत नाही. माझ्या मते मराठी चित्रपटात फार दिवसांनी कुणी प्रेक्षकाच्या दुःखावर एवढा विश्वास टाकला आहे.

सगळ्यात जास्त खटकतो तो तिसरा आक्षेप: संघर्षच नाही, आणि एवढी समजूतदार आई खरी वाटत नाही. गाव समजूतदार आहे असं चित्रपट कुठेच म्हणत नाही. भावकीला काही ठाऊकच नाही. म्हणून तर बाप गेलेल्या पोराला दहाव्याच्या आत लग्नाचं विचारलं जातं. बाळ्याच्या मागेही लग्नाचा तगादा आहेच. संघर्ष रोजच्या चहाबरोबर समोर येतो, फक्त कुणी ओरडत नाही. आणि आई खोटी का वाटावी? कानवडे यांचे वडील ड्रायव्हर होते. आईवडिलांनी आपल्याला स्वीकारलं, हे त्यांनी उघड सांगितलं आहे. वडील गेल्यावर सुतकाच्या दहा दिवसांत गावी गेले असताना त्यांच्याही मागे लग्नाची भुणभुण लागली होती. चित्रपट तिथूनच सुचला. म्हणजे जे घडलेलं आहे तेच आपल्याला अशक्य वाटतं. मुलाला समजून घ्यायला शिक्षण लागतं, इंग्रजी लागतं, मोठ्या सोसायटीतला फ्लॅट लागतो, असं आपण धरून चाललो आहोत. कष्टकरी आईबापांबद्दलचा हा आपला अडाणीपणा आहे आणि तो समीक्षेच्या नावाखाली खपवला जातो, याचा मला राग येतो.

हा चित्रपट सगळ्यांनाच भावेल असं नाही. काही संवाद इतके हळू आहेत की घरी पंख्याच्या आवाजात हरवतील. पूर्ण अंधारात बसूनच तो बघायला हवा.

जयश्री जगताप यांनी आईची भूमिका केली आहे, आणि मी हा चित्रपट बघायला सांगतो ते त्यांच्यासाठी. मुलगा लग्न का करत नाही, याचं उत्तर मायलेकांनी आधीच जुळवून ठेवलंय: आवडलेल्या मुलीनं फसवलं, म्हणून. नवरा जाऊन चार दिवस झाले नाहीत, आल्यागेल्यांत बसायचंय, आणि तेवढ्यातही लेकाची ही गोष्ट कुठे उसवू नये म्हणून ती बाई जागी असते.