टाकी काचेची की ॲक्रिलिकची?

मासे पाळण्याची हौस आता दिवाणखान्यापुरती राहिलेली नाही. दुकानात गल्ल्याशेजारीही टाकी दिसते. दोन वर्षांपूर्वी मीही आमच्या टॉवेलच्या दुकानासाठी ॲक्रिलिकची टाकी घेतली. ‘सेठ, ही फुटत नाही,’ एवढेच सांगून विकणाऱ्याने पैसे मोजून घेतले. आमचा पोऱ्या रोज कोरड्या टॉवेलने ती पुसत असे. सोलापूरची धूळ टॉवेलात अडकायची आणि घासली जायची. उन्हाळा सरेपर्यंत टाकी अशी धुरकट झाली की मासा कोणता आणि सावली कोणती ते कळेना.

कापडवाल्याला ॲक्रिलिक म्हटले की शालीचे सूत आठवते. टाकीचे ॲक्रिलिक वेगळे. तो पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा असतो. त्याचे गुण खरे आहेत. वजन काचेच्या निम्मे, धक्क्याला मजबूत आणि काचेची हिरवट झाक नाही. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात २०१५ साली बोगदा केला, तो ॲक्रिलिकचाच. तेवढा बाक साध्या काचेला देता येत नाही.

पण घरात बोगदा बांधायचा नाही. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सुमारे १२७ लिटर पाणी मावते. म्हणजे १२७ किलो वजन पाण्याचेच. तिथे रिकाम्या टाकीचे थोडे वजन वाचवून काय मिळवले? शिवाय जड पाण्याचे पांढरे डाग काचेवरून पात्याने खरवडता येतात. ॲक्रिलिकवर पाते चालत नाही, स्पिरिटही चालत नाही. त्याने तडे जातात.

म्हणून माझे मत असे की घरासाठी काचच बरी. ती स्वस्त पडते आणि गळू लागली तर गावातला कारागीर सांधा काढून पुन्हा भरून देतो. मात्र कारागीर बांधवांनी सिलिकॉन मत्स्यटाकीचेच वापरावे. न्हाणीघराच्या सिलिकॉनमध्ये बुरशीचे औषध असते, त्याने मासे मरतात. घरात लहान मुले दंगा करणारी असतील तर ॲक्रिलिक जरूर घ्यावे, पण ओल्या मऊ फडक्यानेच पुसावे.

विकणाऱ्यांना एकच विनंती. चादरीत एक धागा तुटला असेल तर आपण गिऱ्हाईकाला दाखवून भाव कमी करतो. टाकीचाही ऐब आधी सांगावा. गिऱ्हाईक परत येते ते त्यामुळेच.