तळाचे पाणी

गोव्याच्या खाजण जमिनींच्या बांधात लाकडी दारे बसविलेली असतात, त्यांना तिकडे मानस म्हणतात. ओहोटीला ती आपोआप उघडून आतले पाणी खाडीत जाते आणि भरती आली की तिच्याच दाबाने मिटतात. समुद्र तिथे दिवसातून दोनदा जे काम विनामोबदला करतो, ते आमच्या वऱ्हाडात करणारा कोणी नाही. येथे भरती येते ती वर्षातून एकदाच, आषाढ-श्रावणात, आणि ती वाया दवडली तर तलावाला वर्षभर दुसरी संधी नाही.

अमरावतीचा छत्री तलाव १८८८ मध्ये काळी नदीवर शहराच्या पाण्यासाठी बांधला गेला, वडाळीचा तलाव कॅम्प भागाच्या गरजेसाठी. पुढे अप्पर वर्धा धरणाचे पाणी नळाला आले, आणि ज्या पाण्याची प्रत रोज जिभेला कळत होती ते केवळ सहलीचे स्थळ होऊन, सरकारदरबारी तजवीज होऊ लागली ती मुख्यतः काठाच्या सुशोभीकरणाची.

परंतु तलावाचे दुखणे काठावर नसते. वैशाखात वरचे पाणी तापून हलके होते, तळाच्या पाण्याला वारा लागत नाही, गाळात कुजणारे पदार्थ तेथला प्राणवायू संपवितात, आणि तो संपला की गाळात अडकलेले स्फुरद सुटून शेवाळाला आयते खत मिळते; ते शेवाळ दिवसा निर्माण केलेला प्राणवायू रात्री स्वतःच खर्च करते, म्हणून मासे मरतात ते बहुधा पहाटे. पुढे तलाव भरून सांडवा वाहू लागला की आपण समाधान मानतो. पण सांडव्यावरून जाते ते वरचे, त्यातल्या त्यात बरे पाणी. म्हणून श्रावणात, खालच्या नाल्यालाही भरपूर पाणी असताना, तळाची मोरी काही दिवस उघडावी, आणि ती गाळाने बुजली असेल तर ती मोकळी करण्यास फरसबंदीच्या आधी मंजुरी मिळावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

नदीचेही तेच. अकोल्यात जानेवारी २०१८ मध्ये हजारो नागरिकांनी मोर्णा नदीतील जलकुंभी हातांनी उपसली. त्या श्रमांविषयी मला अपार आदर आहे. पण प्रवाह आटलेल्या पात्रात नाल्यांचे सांडपाणी येतच राहिले तर जलकुंभी पुन्हा पसरणारच, तेव्हा नाले अडविण्याची जबाबदारी श्रमदानावर ढकलता येणार नाही. दोन्ही महापालिकांनी मृगापूर्वी पहाटेच्या वेळी तळालगतच्या पाण्यातील प्राणवायू मोजावा, आणि तो आकडा दप्तरात न ठेवता काठावरच्या फलकावर लिहावा.