पुरस्कार पावसाच्या अभ्यासाला, पण अंदाज गावच्या फळ्यावर कधी?

२२ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रपती भवनात पहिले राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार देण्यात आले. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल यांना त्या दिवशी पृथ्वीविज्ञान विषयातला 'विज्ञान युवा - शांतिस्वरूप भटनागर' पुरस्कार मिळाला. चांद्रयान-३ च्या चमूचाही तेव्हाच गौरव झाला, म्हणून लोकांचं लक्ष साहजिकच चंद्राकडे गेलं. पण जळगाव-धुळ्याच्या शेतकरी बंधू-भगिनींनी गाठीला बांधून ठेवावी अशी बातमी ही पावसाच्या अभ्यासाची होती.

कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळातल्या पावसाच्या नोंदी तपासल्या. २०१७ साली त्यांनी दाखवून दिलं की मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात आपला महाराष्ट्रही येतो, एकाच वेळी मोठ्या भागावर कोसळणारा अतिमुसळधार पाऊस तिपटीने वाढला आहे. त्याच काळात या पट्ट्यातला पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र कमी होत गेला. अरबी समुद्र तापतो आहे. त्यामुळे तिकडून येणारे पावसाळी वारे लहरी झाले आहेत. मधूनच ते बाष्पाचा लोंढा घेऊन येतात आणि दोन-तीन दिवसांत धो धो ओतून जातात.

हे सारं कागदावरचं वाटत असेल तर चाळीसगाव तालुक्याकडे पाहा. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, शहरात आणि काठच्या गावांत पाणी शिरलं, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. पुढे दोनच वर्षांनी, २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी शासनाने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात चाळीसगाव होतं आणि धुळे जिल्ह्यातलं शिंदखेडाही होतं. तालुका एकच, पण आधी पुराचे पंचनामे आणि मग दुष्काळाचे.

अमळनेर भागातल्या एका वडीलधाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याने मला हीच गोष्ट एका वाक्यात सांगितली होती, "साहेब, पाणी तेवढंच पडतं हो, पण टायमावर पडत नाही." आम्ही कृषी खात्याची माणसं बैठकीत सरासरीची टक्केवारी वाचतो. पण पीक सरासरीवर जगत नाही. काळ्या जमिनीत एका रात्रीत पडलेला पाऊस मुरतो थोडा आणि वाहतो फार. कपाशीत पाणी साचलं तर मुळ्या गुदमरतात. त्यानंतर तीन आठवडे उघडीप पडली की तीच कपाशी पाते-फुलं गाळते. महिनाअखेरीच्या तक्त्यात मात्र पाऊस 'समाधानकारक' दिसतो.

मग शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा बांधावर उपयोग काय? उपयोग आहे, पण तो गावापर्यंत पोहोचला तर! इथेच खरी अडचण आहे. २०१८ पासून देशभर कृषी विज्ञान केंद्रांत १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं उभी राहिली होती. अंदाज पाहून पिकाचा सल्ला तयार करणं हे त्यांचं काम. २०२४ च्या सुरुवातीला ती बंद करण्यात आली. म्हणजे ज्या वर्षी पावसाच्या संशोधनाला राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी तो शेतापर्यंत आणणारी साखळी मधेच तुटली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रामपंचायत पातळीवरचा पाच दिवसांचा अंदाज सुरू झाला. 'मेरी पंचायत' ॲपवर तो पाहता येतो. मे २०२५ मध्ये पुण्याच्या याच संस्थेने तयार केलेली सहा किलोमीटर अंतराच्या चौकटीत अंदाज देणारी नवी प्रणालीही देशाला मिळाली. म्हणजे अंदाज आता आपल्या शिवाराजवळ आला आहे. फक्त तो मोबाईलमध्ये पडून आहे.

म्हणून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक) यांना विनंती, की पंचायतीच्या फळ्यावर रोज सकाळी पाच दिवसांचा अंदाज खडूने लिहावा. खर्च काहीच नाही. शेजारी एक साधं पर्जन्यमापक बसवून रोजचा पाऊसही लिहावा. महसूल मंडळाच्या केंद्रावर पडला तेवढाच पाऊस आपल्या शिवारात पडतो असं नाही, हे आपण सगळे जाणतो. आमच्या खात्याच्या सहकाऱ्यांनी त्याखाली पिकाच्या सल्ल्याच्या दोन ओळी लिहाव्यात. ते काम आमचं आहे, ते आम्ही टाळू नये.

शेतकऱ्यांनी एवढं करावं: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नये. पहिल्या सरीला भुलून टाकलेलं बियाणं दुबार पेरणीत घरातला पैसा खातं. मोठ्या पावसाचा इशारा असेल तर युरिया आणि फवारणी थांबवावी. कपाशीत दर काही ओळींनंतर सरी काढावी. जास्तीचं पाणी तिच्यातून निघून जातं आणि थोडा पाऊस तिच्यात मुरतो. उघडीप लांबली तर कोळपणी करून जमिनीच्या भेगा बुजवाव्यात.

अंदाज कधी चुकतोही, हे कबूल. एकदा चुकला म्हणून फळा पुसून टाकू नका. आठवडाभर लिहा, पडलेल्या पावसाशी ताडून पाहा, मग किती भरवसा ठेवायचा ते गावानेच ठरवावं. पुरस्कार दिल्लीत मिळाला, अभ्यास पुण्यात झाला. आपल्या गावच्या फळ्यावर पहिली ओळ कोण लिहिणार, एवढंच आता ठरायचं आहे.