मुंबईचं सागवानी जहाज



सागाचं कोवळं पान तळहातावर चोळून पाहिलंय ना? हात कसा लालभडक होतो! शहापूर-मुरबाडच्या मुलांना हा खेळ शिकवावा लागत नाही. पण सागाच्या लाकडाचं, आपल्या मुंबईत बांधलेलं एक जहाज दोनशे वर्षं उलटली तरी पाण्यावर तरंगतंय, हे ठाऊक आहे का? त्याचं नाव 'ट्रिंकोमाली'.

नेपोलियनशी लढताना इंग्लंडने इतकी जहाजं बांधली, की तिथलं ओकचं लाकूड कमी पडू लागलं. मग नजर वळली सागाकडे. मुंबईच्या गोदीत तेव्हा वाडिया घराणं जहाजं बांधत असे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले, तेव्हापासूनची ही परंपरा. 'ट्रिंकोमाली'चं काम जमशेटजी बमनजी वाडियांकडे आलं.

पण सुरुवातीलाच विघ्न! नकाशे घेऊन निघालेल्या 'जावा' जहाजाचा १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलजवळ अमेरिकन जहाजाने पराभव केला. नकाशे गेले! दुसरी प्रत पाठवावी लागली. अखेर मे १८१६ मध्ये काम सुरू झालं. पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी तीन डोलकाठ्यांचं हे जहाज पाण्यात उतरलं.

सागच का बरं? सागात नैसर्गिक तेल असतं. म्हणून तो पाण्यात लवकर कुजत नाही, कीडही सहसा लागत नाही. शिवाय ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं, सागात ते टिकतात.

पुढे या जहाजावर १९८६ पर्यंत मुलामुलींना दर्यावर्दीपणाचे धडे मिळाले. नंतर त्याची डागडुजी सुरू झाली, ती २००१ मध्ये पूर्ण झाली. आज ते इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आहे. ब्रिटनच्या तरंगत्या लढाऊ जहाजांत सर्वांत जुनं!

जमशेटजींचं नाव राहिलं. पण ज्यांनी करवत ओढली, वाकस चालवला, त्या सुतारांची नावं कुठं ऐकू येतात? म्हणून एक काम करा. घरातला सर्वांत जुना वासा किंवा दरवाजा शोधा. तो कुठल्या लाकडाचा, कोणत्या सुतारानं घडवला, हे आजी-आजोबांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. पालकांनो, तुम्हीही सोबत बसा हं!

आणि रानात सागाचं रोप दिसलं, तर मोडू नका. त्याचं झाड जाडजूड व्हायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं.

तुमच्या बाई