ट्रॅक्टर हातीं देण्यापूर्वीं

वर्धा जिल्ह्यांत सन १९७४ पासून दारूबंदी आहे. तरी आर्वी तालुक्यांतून दारू नाहींशी झाली, असें कोणी कास्तकार म्हणणार नाहीं. ज्याच्या हातीं ट्रॅक्टर अथवा मळणीयंत्र द्यावयाचें तो शुद्धीवर आहे काय, हा प्रश्न सकाळींच पडतो. केवळ वासावरून निवाडा केल्यास निरपराध गड्याची मजुरी बुडते. डोळेझांक केल्यास एखाद्याचा हात जातो.

मोटार वाहन कायद्यानें चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असणें हा गुन्हा ठरविला आहे. परंतु तें प्रमाण तासाला सुमारें १५ मिलिग्रॅमनें उतरतें. आडगांवाहून आर्वीच्या रुग्णालयांत पोंचून रक्त देईपर्यंत दोन-तीन तास गेले, तर दोषीही निर्दोष दिसावयाचा. म्हणून श्वासमापक यंत्र गांवांतच हवें. आणि त्याची अचूकता वेळोवेळीं पारखून घेणें एकट्यादुकट्यास जमणारें नसल्यानें हें काम सोसायटीनें पत्करावें, असें आमचें मत आहे.

मात्र तपासणी संमतीनें आणि चूळ भरून १५ मिनिटें थांबल्यावर व्हावी, व यंत्रावर बसणाऱ्या मालकासही तोच नियम असावा. गांजासाठीं लघवी तपासणें येथें निरुपयोगी; त्याचा अंश कित्येक दिवस राहत असल्यानें आजची नशा सिद्ध होत नाहीं. दोष आढळल्यास त्या दिवशीं गड्यास यंत्रावर बसवूं नये व गांवभर बभ्राही करूं नये. वारंवार आढळल्यास डॉक्टरांकडे न्यावें. सभासदांनीं हा विषय हंगामापूर्वींच सभेपुढें आणावा, अशी आमची विनंती आहे.