काकांचा टॅब कुठे गेला?

परवा शनिवारी निवांत लोळत पडलो होतो, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन. "अरे, जरा खाली येतोस का? बिल भरायचंय, ओटीपी आलाय, पण टाकायचा कुठे तेच सापडत नाहीये."

काकांना दिसत नाही. एनव्हीडीएच्या जोरावर पेपर वाचण्यापासून पेन्शनपर्यंत सगळं स्वतः करतात. सगळा कारभार टॅब आणि एंटरवर, माऊस घरात असेल तर तो नातवाचा. खाली जाऊन बघतो तर स्क्रीनच्या मधोमध ओटीपीची चौकट, मागे काळपट पडदा. मला सगळं व्यवस्थित दिसतंय. काका टॅब दाबतायत आणि हेडफोनमधून येतंय: संपर्क, तक्रार, आमच्याविषयी... म्हणजे पडद्यामागचंच सगळं! चौकटीपर्यंत पोचायला एकतीस टॅब लागले, मी मोजले. तोवर ओटीपीची वेळ संपली. दोनदा. तिसऱ्यांदा मीच माऊस शोधून क्लिक केलं. "चला, झालं एकदाचं," काका म्हणाले, पण त्यांना ते आवडलं नव्हतं. स्वतःच्या पैशांचा ओटीपी शेजारच्या पोराला वाचून दाखवायचा, कुणाला आवडेल?

माझी पंचाईत वेगळीच. अगदी हाच बग गेल्या महिन्यात आमच्या प्रोजेक्टमध्ये मी स्वतः 'लो' म्हणून बाजूला टाकला होता.

होतं काय, की अशी चौकट आपण एचटीएमएलच्या अगदी शेवटी टाकतो आणि झेड-इंडेक्स वाढवून वर आणतो. डोळ्यांना ती वर दिसते. कीबोर्डला झेड-इंडेक्स कळत नाही. फोकस मागच्या बटणावरच बसून राहतो आणि टॅब तिथून पुढे चालायला लागतो. एरिया-मोडल लिहिलं की काम झालं असं माझंही मत होतं. पण तो नुसता फलक आहे, फोकस हलवणं त्याचं काम नाही. फलक लावला म्हणून दार बंद होत नाही.

चौकट उघडली की फोकस आत गेला पाहिजे, हे तरी बरेच जण करतात. पण आत कुठे? ओटीपी असेल तर सरळ रकान्यात. 'खातं डिलीट करू का?' असेल तर 'नको'वर, नाहीतर सवयीने एंटर दाबला की संपलं. लांबलचक अटी असतील तर वरच्या मथळ्यावर, कारण खालच्या 'मान्य आहे' बटणावर नेलात तर ऐकणारा माणूस अटी न वाचताच तळाला पोचतो. आणि बंद केल्यावर फोकस जिथून आला तिथे परत. हे तर हमखास विसरलं जातं. यादीतली ओळच डिलीट झाली तर? मग पुढच्या ओळीवर न्या, पानाच्या सुरुवातीला फेकू नका राव.

आमच्यातला एक जण म्हणाला, "डब्ल्यूसीएजीच्या २.१.२ मध्ये कीबोर्ड अडकवू नका असं लिहिलंय, मग फोकस आत कोंडायचा कसा?" तो नियम बाहेर पडताच न येण्याबद्दल आहे. एस्केपने किंवा आतल्या बटणाने चौकट बंद होत असेल, तर माणूस अडकलेला नाही.

माझं म्हणणं एवढंच, की हे सगळं जावास्क्रिप्टने हाताने लिहायचा हट्ट आता सोडा. डायलॉग एलिमेंट क्रोममध्ये २०१४ ला आला. फायरफॉक्स ९८ आणि सफारी १५.४ मध्ये यायला मार्च २०२२ उजाडला. तोवर 'ब्राउझर सपोर्ट नाही' हे कारण खरं होतं, आता नाही. शोमोडलने उघडला की मागचं पान आपोआप निष्क्रिय होतं, एस्केप चालतं, बंद केल्यावर फोकस परत जातो. मात्र नुसतं शो वापरलंत किंवा ओपन ॲट्रिब्यूट लावलंत तर मागचं पान जागंच राहतं. मीही एकदा यात फसलोय :) आणि आत पहिला फोकस कुठे, हे तरीही तुम्हालाच ठरवावं लागतं. ते ब्राउझर कसं ओळखणार?

असो. सोमवारी ते तिकीट परत उघडलं, प्रायॉरिटी 'हाय' केली. संध्याकाळी बघतो तर कुणीतरी 'मीडियम' करून ठेवलीये. उद्या स्टँडअपला माऊस काढून डेमो देणार आहे.