थंडीत झाडांना पाणी हात राखून घाला

पौषात झाडांची तहान कमी होते. हे आधी लक्षात घ्या. कारण या दिवसांत घरच्या कुंड्यांतली झाडं जातात ती बहुतेक वेळा थंडीने नव्हे, पाण्याने.

ऑक्टोबरच्या उन्हात जेवढं पाणी घालत होतो, तेवढंच आपण सवयीने घालत राहतो. ऊन कोवळं झालेलं असतं, रात्र मोठी असते, माती लवकर वाळत नाही. मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मग पानं पिवळी पडतात. पिवळी पानं दिसली की वाटतं, पाणी कमी पडलं असेल. आणि आणखी एक तांब्या घातला जातो.

म्हणून पाणी घालण्याआधी मातीत बोट घाला. दुसऱ्या पेरापर्यंत माती कोरडी लागली तरच पाणी द्या. वरची माती सुकलेली दिसते, पण आत ओल असते. मोठ्या कुंडीला तीन-चार दिवसांतून एकदाही पुरतं. पाणी सकाळी, ऊन आल्यावर घाला. रात्री घातलेलं पाणी थंडगार मातीत तसंच साचून राहतं. कुंडीखालच्या ताटलीत पाणी उरलं असेल तर ते ओतून टाका. डासही होणार नाहीत.

तुळशीबद्दल मुद्दाम सांगतो. घरातलं प्रत्येक जण आंघोळ झाली की तिला तांब्याभर पाणी घालतं. श्रद्धा चांगली आहे, पण थंडीत त्या बिचाऱ्या रोपाला एवढं पाणी सोसत नाही. पळीभर पाण्यानेही पूजा होते. घरात तसं ठरवून घ्या. वाळलेल्या मंजिऱ्या खुडा, त्यातलं बी कागदाच्या पुडीत ठेवा. झाड गेलंच तर उन्हाळ्याच्या तोंडावर नवं रोप करता येईल.

आता उन्हाकडे बघा. या महिन्यात सूर्य भर दुपारीही दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिणेच्या गॅलरीत ऊन पार आतपर्यंत येतं, उत्तरेच्या गॅलरीत जवळजवळ येतच नाही. पावसाळ्यात मांडलेल्या कुंड्या जिथल्या तिथे ठेवू नका. गुलाब, झेंडू, टोमॅटो, मिरची उन्हाच्या बाजूला आणा. होळीनंतर पुन्हा हलवावं लागेल, पण तेवढे कष्ट घ्या.

कोकणात आणि मुंबईत थंडीची फार काळजी नाही. नाशिक, निफाड, जळगाव, नागपूर, गोंदिया या भागांत मात्र पारा दहाच्या खाली जातो. तिथे उघड्या गच्चीवरची क्रोटन, मनीप्लांट, केळीची पिल्लं भिंतीच्या आडोशाला घ्या. फारच गारठा पडला तर रात्री जुनी सुती साडी वरून टाका आणि सकाळी काढा. प्लास्टिक नको. पानांना चिकटतं आणि आत दमटपणा कोंडतो.

कढीपत्ता या दिवसांत पानं गाळतो आणि वाढायचा थांबतो. अडेनियमही बोडकं होतं. घाबरू नका, उपटूनही टाकू नका. नखाने साल थोडी खरवडून बघा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. खत घालून त्याला उठवायला जाऊ नका. पाणी कमी करा आणि फेब्रुवारीची वाट बघा. कुंडी बदलायची असेल तर तीही तेव्हाच.

रोज सकाळी पानं उलटी करून बघायची सवय लावा. शेवंती, गुलाब, मिरची, वाल यांच्या कोवळ्या शेंड्यांवर थंडीत मावा बसतो. आधी नुसत्या पाण्याची जोराची धार मारा, निम्मं काम तिथेच होतं. उरला तर लिटरभर पाण्यात लहान चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे थेंब घालून फवारा. ऊन उतरलं की फवारा, पण अंधार पडायच्या आत पानं वाळली पाहिजेत. पाठीवर ठिपके असलेले लाल, गोल किडे दिसले तर त्यांना मारू नका. ते मावा खातात. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी दिसली तर ती पानं काढून कचऱ्यात टाका, खतात नको.

आता मोगऱ्याचं काम. उन्हाळ्यात दारात वास दरवळावा असं वाटत असेल तर ते जानेवारीतच करायचं असतं. मोगऱ्याला फुलं येतात नव्या फुटीवर. आठ-दहा दिवस पाणी अगदी कमी करा. पानं पिवळी पडू लागतील, पडू द्या. मग धारदार कात्रीने झाड निम्म्यावर छाटा, वाळक्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या बुडातून काढा. माती वरवर हलवा, दोन मुठी कुजलेलं शेणखत मिसळा आणि पाणी सुरू करा. छाटताना जीव हळहळतो, पण न छाटलेला मोगरा नुसता वाढतो, फुलं थोडी देतो.

शेवंतीचा बहर संपला की ती टाकून देऊ नका. जमिनीपासून चार-पाच बोटं ठेवून कापा. मुळापाशी ज्या काश्या फुटतील त्या सांभाळा. पुढच्या वर्षीची रोपं त्यांचीच होतात.

दारात आंबा असेल तर मोहर येताना त्याला पाणी देऊ नका. ओल मिळाली की झाड मोहराऐवजी पालवी फोडतं. मोहर पूर्ण फुललेला असताना औषधही फवारू नका. फळ धरतं ते माश्यांमुळे आणि मधमाश्यांमुळे, आणि औषधाने आधी त्याच मरतात. कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की पाणी सुरू करा.

भाजीसाठी अजून वेळ गेलेली नाही. मेथी, कोथिंबीर, पालक थोडं थोडं, आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरा. एकदम सगळं पेरलं तर एका आठवड्यात खाऊन संपत नाही आणि पुढे काही उरत नाही. भेंडी, गवार, काकडी, दुधी यांची घाई करू नका. गार मातीत ते बी उगवत नाही, नुसतं कुजतं. संक्रांत होऊन ऊन जरा तापू लागलं की लावा.

पानगळही आता सुरू होईल. सोसायटीच्या आवारात पाचोळ्याचे ढीग लागतील आणि कुणीतरी काडी लावेल. त्या धुराने लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना फार त्रास होतो, आणि उघड्यावर कचरा जाळायला कायद्यानेही बंदी आहे. झाडलोट करणाऱ्या ताईंशी आधीच बोलून ठेवा. पाचोळा पोत्यात भरून घ्या. थोडा ओला करून, मूठभर शेण किंवा आंबट ताक घालून सावलीत ठेवा, पावसाळ्यापर्यंत खत होईल. एक-दोन पोती कोरडीच बाजूला ठेवा. एप्रिल-मे महिन्यांत कुंडीतल्या मातीवर त्याचा चार बोटं जाड थर द्या, म्हणजे सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत टिकेल.